विष ओढणारी थाळी

चिचगडला थाळीवाल्या महाराजाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पंक्चरवाल्या खुशालचं डोकं नुसतं भणभणत होतं. महिनाभर बोंबलूनही शेजारचे यादोराव ऐकेनात. आज पुन्हा सून मंजूला आणि दीड वर्षाच्या नातीला, चेतनाला घेऊन आले होते.

पोरीचे गाल लालभडक. कोपरांच्या, गुडघ्यांच्या घड्या खाजवून रक्ताळलेल्या. महाराज म्हणे, विष आईच्या पाठीत आहे, ते दुधातून लेकरात उतरतं. म्हणून दूध तोडलं, तेल तोडलं, आंघोळही तोडली. पोरगी आणखीनच सोलून निघाली.

"थाळी विषावरच चिकटते, खुशाल," यादोराव म्हणाले.

"तुमच्या पाठीले चिकटवून दाखवतो! चिकटली तर बाजाराच्या दिवशी तलावाच्या पारीवर कोंबड्यावानी आरवान? नाई चिकटली तर मी आरवतो."

"लागली पैज!"

तिकडं महाराजानं मंजूला ओणवं केलं, पाठीवर पाणी शिंपडलं आणि काशाची थाळी दाबून धरली. "पाहा, तक्षक बसला आहे आत! सात पिढ्यांचं विष! थाळी चुंबक, मंत्र करंट, अन् मी ट्रान्सफार्मर!"

हात काढला. थाळी जागची हलली नाही. लोकांनी जयजयकार केला. मंजू मान खाली घालून रडत होती. सगळं गाव तिच्या पाठीतलं विष बघत होतं.

खुशालनं महाराजाच्या थाळ्यांतली दुसरी उचलली. यादोरावांचा सदरा काढला, त्यांना वाकवलं, पाणी लावलं, थाळी दाबली. चिकटली.

"याच्याही अंगात विष!" महाराज ओरडला.

"मंग तुमच्या गाडीच्याही अंगात असन." खुशालनं तिसरी थाळी ओली करून अंगणात उभ्या महाराजाच्या गाडीच्या तिरप्या काचेवर दाबली. तीही चिकटली. "महाराज, हिले कोन्या नागानं डसलं?"

हशा फुटला.

"अरे बाप्पा, दाबलं का खालची हवा निघते, पाण्यानं फट बुजते, अन् बाहेरची हवा थाळीले दाबून धरते. पाणी वाळलं का थाळी पडते. अन् हे महाराज सांगते, विष उतरलं! पंक्चरवाल्याले हवा शिकवून राहिला!"

मंजू ताडकन उभी राहिली. पाठीवरची थाळी खणकन पडली. "मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "मी देवरीले डाक्टरकडं चालली. तुमी येता का नाई?"

देवरीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या घड्या पाहिल्या, कोरडी कातडी चाचपली. खाज कधीपासून, जाऊन पुन्हा येते का, विचारलं. मग म्हणाल्या, "घरात कुणाला दमा? ॲलर्जी?"

मंजूनं सासऱ्याकडं पाहिलं. "मामाजीले दमा. अन् यायच्या पोराले धान मळताना शिंका थांबत नाई."

"हा एक्झिमा, म्हणजे इसब आहे. असं निदान बघून आणि विचारूनच होतं. ॲलर्जीच्या घरांत तो जास्त दिसतो. दोष कुणाचाच नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. दूध चालू करा. रोज कोमट पाण्यानं आंघोळ घाला, अंग ओलसर असतानाच हे मलम लावा."

सात पिढ्या लांबच राहिल्या, यादोरावांच्याच छातीत दम्याची शिट्टी वाजत होती.

बाजाराच्या दिवशी पारीवर, तलावाच्या बांधावर, ही गर्दी! यादोराव आरवले, खोकले, पुन्हा आरवले. मग आपणहूनच हात जोडून म्हणाले, "माह्या सुनेच्या पाठीत काईच नवतं. म्या म्हातारा होऊन गाडीच्या काचेएवढीबी अक्कल नाई वापरली. लेकरू खाजवत असन तर डाक्टरले दाखवा, अन् कोनी चमत्कार दाखवला तर आधी इचारा, हे झालं कसं?"

कडेवरची चेतना टाळ्या पिटत होती. मंजू खालून ओरडली, "मामाजी, अजून एकदा आरवा! तिकडच्या टोकाले आयकू नाई आलं!"