पुरुषभर उदबत्ती

लामदुअननं डॉक्टरचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, दवाखान्याच्या पायऱ्या उतरली, रिक्षात बसली आणि मग नवऱ्याला म्हणाली, "आजोबा, छाती उघडायची तर उघडू द्या. पण आधी तो नवस फेडून या."

"कुठला नवस?" उआननं साळसूदपणे विचारलं.

"झोपेत बडबडता तो. खडकावरच्या आईचा. न फेडलेला नवस घेऊन माणूस त्या टेबलावर चढतो होय? डॉक्टर सुरी उचलील आणि आई त्याचा हात धरील. नवस फिटल्याशिवाय मी कुठं सही करणार नाही."

नातवंडं झाल्यापासून ती नवऱ्याला आजोबा म्हणायची. आणि तिनं आजोबा म्हटलं की वाद संपलेला असायचा.

उआन म्हणजे लठ्ठ. हे नाव त्याला सुइणीनं ठेवलं, कारण जन्मताच तो तिच्या हातातून निसटला आणि खालची परात चेमटली. ती परात पुढं बरीच वर्षं घरात होती, खोटं वाटणाऱ्यांना दाखवायला. आता मात्र आजारानं त्याचा असा काही पापड झाला होता, की वाऱ्याच्या दिवशी लामदुअन त्याला गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवत नसे.

त्याच्या गावात, फेत्चबुरीत, त्याचे दोन जिवलग. एक मॉट, म्हणजे मुंगी: अंगानं बारका, तोंडानं मोठा. दुसरा कॉप, म्हणजे बेडूक, कारण त्याचा आवाज. कॉप गाऊ लागला की पावसाळ्याबाहेरही शेतातले खरे बेडूक त्याला साथ द्यायचे.

एकविसावं लागलं त्या वर्षी तिघांची पलटणीची सोडत होती. दर एप्रिलमध्ये तालुक्याच्या कचेरीत जायचं, शर्ट काढून रांगेत बसायचं आणि मडक्यात हात घालायचा. काळी चिठ्ठी निघाली तर आईच्या गळ्यात पडायचं, लाल निघाली तर दोन वर्षं बंदूक पुसायची. त्या महिन्यात देशातल्या एकाही देवाला दुपारची झोप मिळत नाही, इतके नवस.

"मडक्यात हात घालण्याआधी समुद्र बघून घेऊ," कॉप म्हणाला. तेव्हा परदेशी पोरंपोरी पाठीवर पिशव्या अडकवून दक्षिणेकडं जाताना दिसू लागली होती. पाठीवर पिशवी असली की पोरी आपण होऊन बोलतात, असा मॉटचा सिद्धांत. त्याच्या आईनं जुन्या तंबूच्या कापडाच्या तीन पिशव्या शिवून दिल्या. उआनची पिशवी सगळ्यांत जड, कारण तिच्यात नुसतं खाणं. आणि उआनला चालतानाच धाप लागत असल्यामुळं ती कॉपच्या पोटावर. पाठीवर स्वतःची, पोटावर उआनची, अशा थाटात तो बेडूक सामुई बेट फिरला, फांगान बेट फिरला. पोरी बोलायला आल्या नाहीत. एक म्हातारी मात्र आली आणि कॉपला विचारू लागली, "बाळा, कितवा महिना?"

शेवटी नारळ वाहणाऱ्या होडीतून ते यिम बेटावर उतरले. मूठभर बेट, चार झोपड्या, पांढरी वाळू आणि टोकाच्या खडकावर आईचं देऊळ. झोपडीबाहेर दोन माडांमध्ये झोळी बांधलेली होती. उआन तिच्यात आडवा झाला आणि दोन्ही माड कमरेत वाकून एकमेकांच्या कपाळाला लागले. नारळ आपोआप खाली. झोपडीच्या मालकानं तिघांकडून भाडंच घेतलं नाही. नारळ उतरवणाऱ्या माकडाला त्यानं आठवडाभर सुट्टी देऊन टाकली. काय दिवस होते! सकाळी उठायचं, समुद्रात पडायचं, भाजलेला म्हाकूळ खायचा आणि पुन्हा समुद्रात. अंगावरचं मीठ इतकं साचलं की मॉट जेवताना भातावर नुसता हात झटकायचा.

निघायच्या दिवशी तिघं देवळात गेले. खांबाला रंगीत कापडं गुंडाळलेली, पायाशी लोकांनी नवसाला वाहिलेले लाकडी कोंबडे, लाल सरबताच्या बाटल्या. नवस कॉप बोलला, कारण त्याचा आवाज आईपर्यंत नक्की पोचणार.

"आई, आम्हाला काळी निघू दे. आम्ही तिघंही परत येऊ आणि उदबत्ती जळेतोवर तुझ्यापुढं नाचू."

उआनला काळी निघाली. मॉटला काळी. नवस बोलणाऱ्या कॉपला लाल.

आता सांगा, पलटणीच्या ट्रकमध्ये चढणाऱ्या मित्राला कुठल्या तोंडानं म्हणायचं, की चल रे, आम्ही सुटलो म्हणून नाचायला जाऊ? दोघं गप्प बसले. कॉप सुटून आला तेव्हाही गप्प बसले. मग उआनचं लग्न, शाळेतली नोकरी, मॉटचं दुकान. चाळीसेक वर्षं म्हणजे काय, माणूस कूस बदलतो तेवढ्यात जातात. तिघं लग्नांत भेटायचे, मयतीला भेटायचे, एकमेकांची यथेच्छ टर उडवायचे. पण कुणी बेटाचं नाव काढलं की कॉप उठायचा. "काहिलीत रस उतू जाईल," म्हणायचा. ताडगुळाचा धंदा होता त्याचा, निमित्ताला कमी नव्हती.

आज उआन स्वतःच काहिलीपाशी जाऊन बसला, म्हणजे कॉपला पळायला जागा नको. सगळं सांगितलं. कॉप बराच वेळ रस ढवळत राहिला.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"जिना चढू नका."

"आणि तू नाचणार?"

"तिघं नाचणार, असं तूच बोललास. मी एकटा नाचलो तर आई म्हणेल, बाकीचे कुठायत?"

"मला लाल निघाली," कॉप म्हणाला. "आईनं माझं काही केलं नाही, मी तिचं काही लागत नाही. मी येईन. तुझी पिशवी उचलायला कुणीतरी लागेलच. म्हाकूळ खाईन. पण पाय हलवणार नाही."

त्याच पिशव्या निघाल्या. मॉटच्या पिशवीला उंदरानं खिडकी पाडली होती, तेवढंच. आगगाडीत समोरच्या बाकावर पिशव्यावाली परदेशी पोरं बसली होती. त्यांनी या तीन म्हाताऱ्यांकडं बघून आदरानं हात जोडले, जसे कुणी धंद्यातल्या मूळ पुरुषांना जोडावे. कॉपच्या पाठीवर स्वतःची पिशवी, पोटावर उआनची. मॉटकडं शिवाय एक लांबलचक गुंडाळी होती, चादरीत बांधलेली. विचारलं की म्हणायचा, "मासे पकडायचा गळ."

सामुईत त्यांची झोपडी होती तिथं चकचकीत हॉटेल आलं होतं. फांगानला ओळखीचा म्हणावा असा एक खडक तेवढा उरला होता, त्याच्यावरही कुणी प्रेमपत्र रंगवून ठेवलेलं. पण यिम बेटावर होडी लागली आणि उआन जागीच थबकला. दोन माड अजून एकमेकांकडं वाकलेले होते.

"बघ, तुझं पाप," मॉट म्हणाला.

झोळी नवी होती. उआन हळूच तिच्यात आडवा झाला. माडांनी पान हलवलं नाही. उआन वर बघत पडून राहिला आणि डोळे पुसू लागला.

"रडतोस कशाला?"

"त्यांनी मला ओळखलं नाही रे."

"ए, लठ्ठ्या, ऊठ," कॉप म्हणाला आणि समुद्राकडं तोंड फिरवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं देवळात गेले. कॉप बाजूच्या खडकावर म्हाकुळाची काडी घेऊन बसला. मॉटनं चादर सोडली. आतून उदबत्ती निघाली. उदबत्ती कसली, वासाच! मॉटच्या खांद्याला लागेल एवढी उंच आणि मनगटाएवढी जाड. देवाधर्माच्या सामानाचं दुकान होतं त्याचं, आणि दर्शनी भागात हीच उभी असायची.

"अरे मुंग्या," उआन कसाबसा म्हणाला, "ही जळायला किती वेळ लागतो?"

"अस्सल माल आहे. सूर्य मावळेपर्यंत ढिम्म हलत नाही." मॉटनं अभिमानानं काडी ओढली. "एवढा उशीर करून आलो, आईपुढं बोटभर काडी लावायची? लोक काय म्हणतील?"

"नवस काय बोललो होतो आपण?"

मॉट आठवू लागला. आठवलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. पण उदबत्तीनं पेट घेतला होता, आणि आईपुढं पेटवलेली उदबत्ती फुंकर मारून विझवणारा माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचाय.

उआननं चप्पल काढली, हात जोडले आणि नाचू लागला. हात वळवायचे, बोटं मागं मुडपायची, गुडघे वाकवायचे. मॉट त्याच्याशेजारी घाबऱ्याघाबऱ्या नाचू लागला. उदबत्तीची राख नखाएवढी झाली नाही तोच उआनचे ओठ निळे पडले.

"बस खाली!" खडकावरून कॉप ओरडला.

"तू ये मग."

"मी तिचं काही लागत नाही म्हटलं ना!"

तेवढ्यात झोपड्यांची मालकीण साइबुआ मावशी लाल सरबताची बाटली घेऊन वर आली. तेव्हाच्या मालकाची ही मुलगी. तिनं बाटली आईपुढं ठेवली, वळली आणि कॉपकडं बघतच राहिली.

"अगं बाई! हा तर आमचा शिपाई!"

"कोण शिपाई?" मॉटनं विचारलं.

"हाच की. मी तेव्हा परकरात होते. डोक्याचा गोटा, अंगात पलटणीचा शर्ट, थेट सुटून आलेला. रोज धक्क्यावर उभा. होडी आली की एकेकाचं तोंड बघायचा. बाबा म्हणायचे, जेव रे. म्हणायचा, माझे दोघं येतायत, ते आले की जेवतो. मग एके दिवशी एकटाच इथं वर आला आणि नाचला. असा वाईट नाच मी जन्मात पाहिला नाही. पण उदबत्ती संपेपर्यंत थांबला नाही हो. मग गेला."

मॉटचे हात हवेत मुडपलेलेच राहिले.

"तू आला होतास?" उआन म्हणाला.

"तिघांनी यायचं ठरलं होतं," कॉप हातातल्या काडीकडं बघत म्हणाला. "पलटणीत मी दुसरं काय केलं? रोज रात्री हीच वाळू आठवायची. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबला असाल. सुटलो त्या दिवशी आईच्या घरीसुद्धा गेलो नाही, गाडी पकडली."

"आम्हाला वाटलं, बेटाचं नाव काढलं तर तुला राग येईल."

"आला ना. पण लाल चिठ्ठीचा नाही आला, लठ्ठ्या. शेवटची होडी रिकामी आली, तेव्हा आला."

उआननं पुन्हा हात उचलले. एक गुडघा वाकवला. दुसरा वाकवला, तो वर येईना. वाकलेल्या माडासारखा तो तिथंच अडकला आणि तसाच, गुडघ्यावर, बोटं मुडपत राहिला. समोर उदबत्ती पुरुषभर उभी.

कॉपनं काडी समुद्रात भिरकावली. खडकावरून उतरला. आईला हात जोडले आणि उआनपुढं पाठ करून उकिडवा बसला.

"चढ."

"काय?"

"पाठीवर चढ. हात तुझे, पाय माझे. नाचतोयस तूच. आईला चालेल. काय हो मावशी?"

साइबुआ मावशीनं आईकडं बघितलं, जशी आत्ताच परवानगी विचारली. "चालेल म्हणते," ती म्हणाली. "पण लवकर, म्हणते."

उआन चढला. कॉप उभा राहिला, एकदा उसळी मारून ओझं नीट बसवलं आणि थांबला.

"जड झालो का?"

"तुझी पिशवी जड होती," कॉप म्हणाला. "तू काहीच नाहीस." आणि ते असं काही म्हणाला, की उआननं आपलं तोंड त्याच्या मानेत लपवलं.

मग सुरू झालं. कॉपचे पाय, उआनचे हात. शेजारी मॉट, अपराधानं दुप्पट वाकून नाचणारा. मावशीनं ढोलकी आणवली. कॉपनं आवाज काढला आणि बेटावर त्याआधी एकही बेडूक नव्हता असं म्हणतात, पण साथ आली. दुपारी कॉप दमला तेव्हा मॉटनं उआनला पाठीवर घेतलं. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट उचलते हे उआन वर्गात शिकवत आला होता, पण मॉट लटपटला. मग कॉपनं मागून टेका दिला आणि तिघं एकाच जनावरासारखे हलत राहिले. पिशव्यावाली परदेशी पोरं वाळूवरून वर आली, सण आहे समजून नाचू लागली. आईलाही दया आली असावी: असा वारा सुटला, की सूर्य मावळेपर्यंत ढिम्म न हलणारी मॉटची अस्सल उदबत्ती सावल्या लांबायच्या आतच बुडाला टेकली. दुकानदाराला त्याचं जरा वाईटच वाटलं. मावशीनं फटाक्यांची माळ लावली. नवस फिटला.

परतीच्या होडीत उआन मध्ये बसला, दोघं दोन बाजूंना. त्यानं लामदुअनला फोन केला. "फेडला गं. तिघांनी मिळून. आता कर सही." पलीकडून ती काय म्हणाली कोण जाणे, पण तो "हो, हो, जेवलो," म्हणाला.

बेट लहान होऊ लागलं. वाकलेले दोन माड बराच वेळ दिसत होते. उआननं हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

कॉपनं झटकन त्याचं तोंड दाबलं. "काय बोललास?"

"काही नाही."

"लठ्ठ्या, खरं सांग. नवस बोललास?"

"नवस कसला. म्हटलं, टेबलावरून उठलो तर येईन."

"येईन, की येऊ?"

उआननं माडांकडं बघितलं. "येऊ," तो म्हणाला. "तिघं."

कॉपनं कपाळावर हात मारून घेतला. मग पोटावरची उआनची पिशवी जरा सारखी केली आणि मॉटकडं वळून म्हणाला, "पण या वेळी उदबत्ती मी आणणार."

"माझ्या दुकानातनं घे," मॉट म्हणाला. "याहून मोठी मागवलीय."