फोनवर कोण होतं

स्वल्पविराम जरा लांबट उमटला होता, शेपटी खालच्या ओळीला टेकलेली — त्याच्या अलीकडे पाच शब्द, पलीकडे मशीन. ‘व्हाइल टॉकिंग ऑन द फोन, द मशीन कॉट द ऑपरेटर्स हॅंड.’ फोनवर बोलता बोलता मशीनने ऑपरेटरचा हात पकडला. म्हणजे इंग्रजीच्या नियमाने फोनवर बोलत होतं ते मशीन. तिला हसू आलं, आणि तोंडातच कडवट झालं.

कारखान्याच्या कचेरीत तिचं काम एवढंच, अहवालांचं इंग्रजी नीट करणं. सकाळपासून तिने एक ‘ओन्ली’ दोन शब्द मागे सरकवला होता. एका वाक्यात शब्द चुकीच्या जागी पडून सुपरवायझरच तुटक्या झाकणाचा झाला होता, ते झाकण उचलून मशीनला परत दिलं होतं. माघारी सगळे तिला विरामबाई म्हणत, हे तिला ठाऊक होतं. कर्ता नसला की लोंबकळणारे शब्द जवळ जो दिसेल त्याच्या गळ्यात पडतात, असं ती नव्या लोकांना सांगायची. कर्ता द्या, म्हणायची, वाक्य आपोआप सरळ होतं.

इथला कर्ता मागच्या पानावर होता. तीन बोटं गमावलेल्या ऑपरेटरने दवाखान्यातून दिलेला जबाब : सुपरवायझर फोनवर बोलत होते. हात आत आहे असं मी ओरडलो. त्यांनी बटण दाबलं.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली.

“फोनवर कोण होतं ते या वाक्यात येत नाही, साहेब.”

“ऑपरेटर टाका की.” साहेबांनी मानही वर केली नाही.

“जबाबात सुपरवायझर म्हटलंय.”

“जबाब जोडायचा नाहीये, मॅडम. तुम्ही फक्त इंग्रजी बघा. चारपर्यंत द्या म्हणजे झालं.”

फक्त इंग्रजी... फक्त तुम्ही... फक्त बघा. जागेवर येईपर्यंत तो एक शब्द ती वाक्यात फिरवत राहिली, आणि तो कुठेही बसला तरी तिलाच टोचत होता.

आठ वर्षांपूर्वीची दुपार — आईला सांभाळायला ठेवलेल्या मावशी औषध आणायला गेलेल्या, आईच्या उशाशी खुर्चीत ती एकटी, आदल्या तीन रात्रींचं जागरण डोळ्यांत... आणि जाग आली तेव्हा ऑक्सिजनची नळी गालावर घसरलेली, आई गेलेली. भाऊ धावत आला, झालं काय म्हणाला, आणि ती म्हणाली, “डुलकी लागली रे, तेवढ्यात नळी निसटली.” कोणाला लागली ते ती बोलली नाही. मराठीत ते बोलावं लागत नाही, वाक्य तेवढ्यावरही उभं राहतं. आणि दारातच मावशी उभ्या होत्या, हातात औषधाची पुडी.

“झोपायचे पैसे देत होतो का तुम्हाला?” भाऊ त्यांच्यावर गरजला.

“मी इथं नव्हते हो,” मावशी म्हणाल्या, “ताईंना विचारा.”

भावाने तिच्याकडे पाहिलं. तिने आईच्या अंगावरची चादर नीट केली — बराच वेळ नीट केली. मावशींनी आपली दोन पातळं पिशवीत भरली आणि निघाल्या. आणि त्यानंतरची आठ वर्षं ती स्वतःला सांगत आली की आपण खोटं काही बोललोच नाही.

तिने जुनं वाक्य पुसलं. ‘ऑपरेटर फोनवर बोलत असताना’ असं इंग्रजीत लिहिलं. त्याखाली तेच सुपरवायझर घालून लिहिलं. दोन्ही वाक्यं सरळ. कर्ता आपल्या जागी, कुठे काही लोंबकळत नाही. व्याकरणाची दोन्हींबद्दल काहीच तक्रार नव्हती — आणि त्याचीच तिला चीड आली, कितीतरी वर्षांनी खरीखुरी चीड, साहेबांची नव्हे...

“मला डुलकी लागली,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट वळली. “बरं नाही का तुम्हाला?”

“नाही,” ती म्हणाली, आणि हे ‘नाही’ नेमकं कशाला, ते तिलाही सांगता येईना. साहेबांच्या खोलीतून कोणीतरी अहवाल झाला का म्हणून विचारत होतं. दोन्ही वाक्यं अजून तिच्यासमोर होती, ठेवायचं एकच. बोटं कळफलकावर होती, गार पडलेली, आणि ती आपलीच आहेत हे तिला आज फार स्पष्ट जाणवत होतं.