स्वच्छ रिपोर्ट

"काट्याचं कुरूप व्हायच्या आत काटा काढावा, बाई," आत्या तिला लहानपणी म्हणायची. आत्याच्या सुईसारखाच बारीक आवाज. कितीतरी वर्षांनी तो आज कानाशी आला, आणि शिलाई मशीनवरचा पाय थांबवून तिने नवऱ्याच्या कामाच्या शर्टाचे खिसे उलटे केले. दोन स्क्रू, ग्रीस लागलेली चिंधी. बाकी काही नाही.

काही नाही, हेच तिला खुपलं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. दोनदा टेस्ट ट्यूबमधला गर्भ पोटात सोडला, दोन्ही वेळा रुजला नाही. म्हणून तपासण्या पुन्हा केल्या, तर नवऱ्याच्या वीर्यात शरीरसंबंधातून लागणारा विषाणू सापडला. त्यानेच गर्भ टिकला नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही; पण औषधं झाल्याशिवाय तिसरा प्रयत्न नको. तिसरा म्हणजे शेवटचा. तिचं वय काही थांबणार नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट तिने कपाटातून काढला. तेव्हा विषाणू नव्हता. मधल्या काळात हा माणूस लिफ्टच्या दुरुस्तीला गावोगाव फिरला होता. यात न कळण्यासारखं काय होतं?

तो आला. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले.

"कोण आहे ती?"

"कुणी नाही गं."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

तो शपथ घ्यायला लागला, तशी तिने त्याला अडवलं. पोटावर इतक्या सुया टोचून घेतल्या, कधी हूं की चूं केलं नाही, ती म्हणाली. पण आता टोचून घ्यायच्या की नाही, ते तुमच्या एका उत्तरावर आहे.

त्याने जुना कागद उचलला. तारखेवर अंगठा फिरवत राहिला. उपचाराच्या वेळी नमुना दवाखान्यातच द्यावा लागे, पण तपासणीची ती पहिली बाटली घरून न्यायची मुभा होती. अर्ध्या तासात, अंगाच्या उबेत. शर्टाच्या आत बाटली धरून तो स्कूटरवर बसला, तेव्हा दारातून तीच हसून म्हणाली होती, जपून न्या हो, लेकरू आहे आपलं. या खेपेला मात्र नर्सबाई खोलीबाहेरच उभ्या होत्या.

"मला हे लग्नाआधीपासून आहे," तो म्हणाला. "कळलं असतं तर तू राहिली नसतीस."

तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

"मग हा रिपोर्ट?"

"वाटेत थांबलो होतो मी. ती बाटली धाकट्या भावाची होती."