पोरीपेक्षा धोंडा जड

मित्रांनो, मी एक जुनी कावड आहे आणि सध्या भयंकर वैतागलेली आहे.

नाशिकच्या पश्चिमेला, पेठकडच्या डोंगरात आमचा पाडा. जीप खालीच थांबते. तिथून मीठ, सिमेंट, गॅसची टाकी, सगळं माझ्यावरून वर येतं.

बालपण? बांबू होते. माझ्या मालकाने, पुंजाने तोडलं, तासलं, दोन्ही टोकांना दोरीची शिंकी बांधली. पुढे चला.

कौतुक? एकदा मांडवाचं सामान वाहिलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "कावड लय भारी हाय." संपलं कौतुक.

आता त्या धोंड्याविषयी. एकाच बाजूला ओझं असलं की मी कलते. म्हणून पुंजा दुसऱ्या शिंक्यात धोंडा ठेवतो. गॅसच्या टाकीएवढा जड, त्याचा ठरलेला, लाडका धोंडा. डोंगरात दगडांना काय तोटा? तरी तोच वर, तोच खाली!

मागच्या आठवड्यात पुंजाची नात तृप्ती झाडावरून पडली. पाय मोडला. पुंजाने तिला एका शिंक्यात बसवलं. दुसऱ्यात?

धोंडा.

मला मधापासून जरा धोंड्याच्या बाजूला चीर गेलेली. तेलाचा थेंब नाही. त्यात धोंडा जड, म्हणून पुंजाने खांदा तिकडे सरकवला. नेमका चिरेखाली. एका बाजूला दरी. मी कर्रर्र केलं.

"आजा, कावड वरडती."

"म्हातारी झाली ती. तुझ्या आजीवानी कुरकुरती."

पुन्हा कर्रर्र. अजून काय करू? मला तोंड नाही!

मागून पुंजाची बायको अक्काबाई धापा टाकत येत होती. डोक्यावर दवाखान्यात राहायचं गाठोडं: भांडी, तांदूळ, घोंगडी.

"आजी दमली," तृप्ती म्हणाली. "तिचं गठुडं ठेव ना धोंड्याच्या जागी."

पुंजा थांबला. धोंड्याकडे बघितलं. गाठोड्याकडे बघितलं.

"पोरीपरीस धोंडा जड!" अक्काबाई कडाडली. "त्याला बी पलस्तर घालायचंय का? अन् मी येडी, घरापासून डोक्यावर घेऊन चालली!"

धोंडा गडगडत दरीत गेला. एवढा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग गाठोडं शिंक्यात बसलं, ओझं हलकं झालं, खांदा चिरेखालून सरकला आणि आम्ही जीपपर्यंत पोचलो.

मित्रांनो, कुणी कुरकुरलं तर वयावर ढकलू नका. चीर कुठे आहे ते बघा.

परतीला तृप्ती प्लास्टरसकट शिंक्यात बसली. तांदूळ संपल्याने गाठोडं हलकं झालं होतं. पुंजा वाकला. हात एका धोंड्याकडे!

"ओ," अक्काबाईने हाक मारली आणि दुसऱ्या शिंक्यात एक डबा ठेवला. "तेल हाय. कावडीचं."