तिसरा सिलिंडर

तिला सगळे क्लचबाई म्हणायचे. अर्ध्या शहराला तिनं गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि "क्लच! आधी क्लच!" असं ओरडून अर्ध्या शहराचे कान किटवले होते. आता तिची स्मरणशक्ती विरत चालली होती. माणसांचे चेहरे निसटले, गाडी तेवढी राहिली. रोज संध्याकाळी ती शेजारच्या सीटवर बसून तळ्याकाठी फेरी मारायची आणि गाडी चालवणाऱ्या स्वतःच्या मुलीला अहोजाहो करत धडे द्यायची. तिच्या बाजूचा जादा ब्रेक मुलीनं केव्हाच काढून टाकला होता. तरी वळण आलं की आईचा पाय रिकाम्या जागी दाबला जायचा.

धुक्याचे दिवस आले तशी ती जुनी गाडी कुरकुरायला लागली. सिग्नलला उभी राहिली की हीव भरल्यासारखी थरथरायची. तळ्यावरचा चढ लागला की तिच्यातला दमच जायचा. एका संध्याकाळी पूर्ण रेस देऊनही ती चढाच्या मध्यावर रेंगाळली. मागे दिव्यांची रांग धुक्यात तरंगत होती.

"घाबरू नका," आई मुलीला म्हणाली. "सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं."

कशीबशी घरी आल्यावर मुलीनं मामाला फोन लावला. मामा म्हणजे आईच्या पाठचा भाऊ. त्याचा जन्म गॅरेजमध्ये गेलेला. पण बहिणीनं "आपण कोण?" असं विचारल्यापासून तो घरी फिरकला नव्हता.

"गॅरेजला घेऊन ये," तो म्हणाला.

"चढ चढत नाही, मामा. कशी आणू?"

त्यानं पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "येतो."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तो आला. आईकडे न बघता त्यानं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर झटकून पाहिला, पेट्रोलची नळी चाचपली. तिथं काही सापडलं नाही. "कुणीतरी आत बसून हलकी रेस धरा," तो म्हणाला. मुलगी पुढं होण्याआधी आईच स्टिअरिंगवर बसली. मुलीनं हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री केली. आईचा पाय पेडलवर असा टेकला की इंजिनाचा आवाज ना चढला, ना उतरला. मामाचे हात क्षणभर थांबले.

मग रबरी मुठीच्या पक्कडीनं त्यानं प्लगांच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं. ती लावून दुसरी काढली, पुन्हा अडखळलं. तिसरी काढली, तर काहीच नाही. थरथर होती तशीच.

"हा सिलिंडर झोपलाय," मामा पुटपुटला. इंजिन बंद करून त्यानं तिसऱ्याचा प्लग चौथ्यात आणि चौथ्याचा तिसऱ्यात घातला. पुन्हा सुरू केलं, तरी झोपला तो तिसराच. "म्हणजे प्लग बरा आहे. वायर दगा देतेय. घोंगडी आण गं एखादी."

एव्हाना अंधारून आलं होतं. पंख्यापासून लांब धरून मामा-भाचीनं घोंगडीचा तंबू केला आणि आत डोकी घातली. काळोखात तिसऱ्या वायरीच्या अंगावरून एक निळा धागा सरपटत होता. चमकायचा, विझायचा, पुन्हा चमकायचा. धुक्याच्या ओलीनं ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती, वाटेतच लोखंडावर उतरत होती.

रेस उतरली. घोंगडीची कड उचलली गेली आणि दोघांच्या मध्ये तिसरं डोकं शिरलं.

"अगबाई," आई हळूच म्हणाली, "काजवे!"

कुणीच हाललं नाही. तेलाचा वास, इंजिनाची ऊब, आणि तिघांच्या चेहऱ्यांवर उमटून पुसला जाणारा निळा उजेड. मामा वायरीकडे बघत नव्हता. बहिणीचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं, तिकडे तो बघत होता.

त्यानं नवी वायर बसवली. गाडी सुरू केली, तर आधी वाटलं बंदच आहे, इतकी शांत चालत होती. हात पुसून तो जायला निघाला, तेवढ्यात आई म्हणाली, "आज क्लास तुमचा ना? बसा. पण आरसा आधी नीट करा."

मुलगी घाईनं म्हणाली, "आई, अगं हा..."

मामानं तिला हातानंच थांबवलं. "हो बाई," तो म्हणाला, "माझाच आहे." आणि स्टिअरिंगवर बसला. मुलगी मागं बसली.

तळं दिसतच नव्हतं, नुसता पांढरा उजेड साचला होता. चढ आला. आईचा पाय रिकाम्या जागी दाबला गेला, मग सैल पडला. गाडी गुणगुणत वर चढली.

"हात चांगला आहे तुमचा," आई म्हणाली. "आधी कुणी शिकवलंय का?"

"बहिणीनं."

"ओरडायची?"

"फार."

"मग नीट शिकवलंय," आई म्हणाली आणि मान मागं टेकून तिनं डोळे मिटले. "उद्या वेळेवर या."

तो आला. हिवाळाभर येत राहिला.