गुआलीचं गाठोडं

राजधानीत, बोगोतात राहून गावच्या एमिलियानोने चेलो, रॅप आणि नदीकाठचे ढोल एकाच भांड्यात शिजवायची कला कमावली होती आणि तिला ‘संगीतातून न्याय’ असं भारदस्त नावही दिलं होतं. दोमितिलाला त्या नावाचंच हसू यायचं. चाळीस वर्षं ती नदीकाठच्या मेलेल्यांसाठी गात आली होती. त्यात कुणाला न्याय मिळालेला तिने पाहिला नव्हता, कॉफी मात्र मिळायची.

या खेपेला एमिलियानोच्या स्वारीने गावातल्या नेर्सीच्या बाळाची गोष्ट गाण्यात बांधली होती. ताप चढलेलं लेकरू घेऊन नेर्सी होडीने दवाखान्यात पोचली, तर दाराला कुलूप. बाळ तिथेच पायरीवर गेलं. त्याची गुआली, म्हणजे लेकराला निरोप द्यायची गाणी, दोमितिलानेच गायली. लहान लेकराच्या मरणात रडायचं नसतं, ते देवदूत होऊन उडतं, आसवांनी त्याचे पंख भिजतात. हसरी गाणी म्हणत त्याला या हातातून त्या हातात द्यायचं, आणि ज्याच्या हाती येईल त्याने उठून नाचवायचं. अकरा महिने झाले, नेर्सीने टिपूस काढलं नव्हतं.

एमिलियानोने तेच गुआलीचं गाणं रडवेलं, संथ केलं, खाली चेलो कण्हत ठेवला आणि तालमीत म्हणाला, “मावशी, इथे आवाज जरा फुटू दे. नेर्सी पहिल्याच रांगेत असेल. आरोग्यखात्याचे साहेबही येणारेत.”

“म्हणजे साहेबाने डोळे पुसायचे आणि घरी जाऊन पोटभर जेवायचं. तुझ्या धाकट्या भावाची गुआली मी गायलेय. तू नाचला होतास तेव्हा. विसरलास?”

एमिलियानो वहीत काहीतरी खोडत राहिला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी साहेबांनी रुमाल काढलाच. शेजारी नेर्सी ओठ दाताखाली धरून बसली होती, डोळे काठोकाठ. दोमितिलाला त्या सगळ्या थाटाची शिसारी आली. तिने डोक्याचं पांढरं फडकं सोडलं, त्याचं लेकराएवढं गाठोडं केलं आणि पाय आपटत गाणं मूळच्या चालीत उचललं. चेलोवाले गडबडले. एमिलियानोने तिच्याकडे पाहिलं, हातातली ताल दाखवायची काठी ठेवली आणि स्वतः ढोलावर बसला. एवढं तरी आठवलं मेल्याला, असं तिच्या मनात आलं.

नाचत खाली उतरून तिने गाठोडं नेर्सीला दिलं. नेर्सी उठली, ते छातीशी धरून चार पावलं नाचली, रडली नाही, आणि तिने ते साहेबांच्या हातात ठेवलं.

साहेब अवघडून उभे राहिले. पलीकडच्या सचिवाने हात पाठीमागे नेले.

“घ्या ना कुणीतरी,” साहेब पुटपुटले.

“नाचवा साहेब,” दोमितिला म्हणाली. “तुमच्याच दारावरून परत आलंय ते.”

एमिलियानोने ढोल थांबवला नाही.