उरलेल्या उन्हावर तापणारा बंब

मी एक जुना बंब आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या बारोसा खोऱ्यात माझ्याइतका हुशार बंब दुसरा नाही. मी लाकूड खात नाही, गॅस पीत नाही. छपरावरच्या सोलर पॅनेलची वीज सगळ्यांना पुरून जेवढी उरेल, तेवढीच घेतो आणि तिच्यावर हजार लिटर पाणी कढत करून ठेवतो. उन्हाचा कण वाया जाऊ देत नाही! मला बसवलं त्या दिवशी माझ्या मालकिणीने, कर्स्टी झांडरने, पंधरा पाहुण्यांसमोर हेच भाषण केलं, ऐटीत माझा नळ सोडला आणि खाली हात धरला.

पाणी बर्फासारखं गार होतं.

झालं होतं असं, की वीज उरली की नाही हे मला कळावं म्हणून मुख्य वायरीला एक चिमटा लावतात. वीज कुठल्या दिशेने वाहते ते दाखवणारा बाण त्याच्यावर असतो. कर्स्टीच्या थोरल्या भावाने, ट्रेव्हरने, तो चिमटा उलटा लावला होता. त्यामुळे लख्ख उन्हात मी ढिम्म, आणि सूर्य मावळून घरात दिवे लागले की मी खूश होऊन विकतची वीज ढोसायला सुरुवात करायचो.

"मला बाण दिसलाच नाही," ट्रेव्हर म्हणाला.

"तुला लग्नाच्या दिवशी चर्च दिसलं नव्हतं, बाण कुठला दिसायला!" हुल्डा आत्या म्हणाली. ही त्या दोघांची आत्या. वय एकोणऐंशी, आवाज वीस माणसांचा. शेवटी तिनेच समोर उभं राहून त्याच्याकडून चिमटा सुलटा करून घेतला.

मित्रांनो, खरं सांगायचं तर माझा जन्म तापण्यासाठी नव्हताच. दक्षिणेकडच्या एका कारखान्यात मला दुधाची टाकी म्हणून घडवलं. चकचकीत स्टील, एकही सांधा न दिसणारा. सव्वीस वर्षं मी एका गोठ्यात दूध गार ठेवलं. मालक रोज सकाळी माझ्या अंगावर थाप मारून "शाबास" म्हणायचा. पुढे गाई विकल्या गेल्या, आणि मी चार वर्षं शेडच्या मागे उघड्यावर पडून होतो. माझ्या झाकणावर मॅगपाय नावाच्या एका काळ्यापांढऱ्या पक्षिणीने घरटं केलं. त्या काळात माझ्याशी बोलणारी ती एकटीच, आणि तीसुद्धा शिव्याच द्यायची.

लिलावातून मला कर्स्टीने आपल्या वाईनच्या कारखान्यासाठी उचललं. पोटात तीन कॉइल घातल्या, अंगाभोवती जाड अस्तर चढवलं. जन्मभर गार राहिलो आणि उतारवयात तापायला शिकलो. शिकता येतं, मित्रांनो.

तुम्हाला वाटत असेल, वाईनच्या कारखान्यात लोक दिवसभर वाईन बनवतात. छे! दिवसभर धुतात. पिंपं धुतात, पाइप धुतात, जमीन धुतात, आणि उरलेल्या वेळात जमलं तर वाईन बनवतात. त्यासाठी लागतं कढत पाणी. आधी ते गॅसच्या बॉयलरवर तापायचं. इकडे छपरावर मात्र दुपारी इतकी वीज तयार व्हायची, की वीज कंपनी म्हणायची, एवढीच घेतो, बाकीची तुमची तुम्ही बघा. उन्हाळ्यात सगळ्यांच्या परसात झुकिनी, ती काकडीसारखी भाजी, माजते आणि फुकट दिली तरी नको म्हणून शेजारी दार उघडत नाहीत, तसं. मग कर्स्टीने गॅसचा बॉयलर देऊन टाकला आणि सगळी भिस्त माझ्यावर ठेवली.

ट्रेव्हरला ते पसंत नव्हतं. "सोमवारी बाटल्या भरणारा ट्रक येतोय," तो म्हणाला. "बाटल्या भरायच्या आधी त्याचे सगळे नळ ब्याऐंशी अंशांच्या पाण्याने वीस मिनिटं धुवावे लागतात. पाणी तेवढं तापलं नाही, तर तो थांबणार नाही. पुढची पाळी सात आठवड्यांनी. तोवर तुझी रिस्लिंग वाईन टाकीत बसून शिळी होईल."

"तापेल. रविवारी कडक ऊन आहे."

"आणि नाही तापलं तर?"

"तर तुझा बॉयलर परत आण, आणि ह्याला भंगारात दे," कर्स्टी म्हणाली. बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती तिची स्वतःच्या हाताने केलेली पहिली वाईन होती.

मी मात्र निश्चिंत होतो. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे हिवाळा, आणि पॅनेल गार असली की वीज जास्त देतात; गार, निरभ्र रविवार म्हणजे त्यांची चंगळच.

चूक झाली ती चर्चमध्ये. प्रार्थना संपल्यावर कॉफी पिताना कर्स्टी सहज म्हणाली, "आमच्याकडे दुपारी इतकी वीज होते, की नुसती वाया जाते हो."

हे ह्या खोऱ्यात बोलायचं नसतं! इथली माणसं पार्सलची सुतळी सोडवून, गुंडाळून, ड्रॉवरमध्ये ठेवतात. काकड्या संपल्या तरी लोणच्याचं पाणी टाकत नाहीत. काही वाया जातंय म्हटलं की ह्यांना झोप लागत नाही. कॉफीचे कप अर्धे टाकून (नाही, चुकलो, पूर्ण पिऊन) सगळे उठले.

साडेदहाला हुल्डा आत्या स्ट्रॉयझलकुखनचे आठ ट्रे घेऊन आली. लोणी-साखरेचा चुरा घातलेला तो केक. कारखान्याच्या मागच्या स्वयंपाकघरात तिने दोन्ही ओव्हन पेटवले. मी नुकता एकोणचाळीस अंशांवर आलो होतो, तिथेच अडकलो. अकराला ट्रेव्हरने फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावली. पाठोपाठ शेजारचा नाइजेल तुटलेलं फाटक आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. चर्चच्या बायका गावजेवणाची सगळी टेबलक्लॉथ इस्त्रीला घेऊन आल्या. चार इस्त्र्या! कुणीतरी गावच्या बँडचं पियानो-अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायची पेटी, वाळवायला हेअर ड्रायर लावला. ते का ओलं झालं होतं, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

आणि मी? पंगतीत शेवटी बसलेला माणूस पाहिलाय ना? वाढपी जवळ येतो, आणि भांडं रिकामं. तसा मी. जरा वीज उरली, मी तोंड उघडलं, की कुणीतरी नवं बटण दाबायचं.

दीड वाजता कर्स्टी आली. माझ्या काट्यावर एक्कावन्न अंश. ती तशीच मागे स्वयंपाकघराकडे धावली.

"आत्या! ओव्हन बंद कर!"

"का म्हणून? तूच म्हणालीस ना, वाया जाते? मग मी काय हात चोळत बसू?"

"अगं, ती बंबासाठी आहे!"

"मग तसं सांगावं माणसाने. मी म्हटलं पोरीची वीज सडतेय, जरा हातभार लावावा."

"उद्या पाणी तापलेलं नसलं तर ट्रक निघून जाईल, आत्या. माझी वाईन अडकेल. सगळी."

वेल्डिंगचा आवाज थांबला. इस्त्र्या हवेत राहिल्या. ट्रेव्हर फोर्कलिफ्टकडे, छताकडे, बुटांकडे पाहत राहिला.

"ऐकलं का?" हुल्डा आत्या गरजली. "पोरीची वीज गिळतोय आपण! काढा सगळे प्लग! नाइजेल, ते फाटक तुझ्या घरी नेऊन जोड! ट्रेव्हर, तू अजून उभाच?"

दोन मिनिटांत कारखाना शांत झाला. सहाव्या ट्रेचे केक अर्धे कच्चे बाहेर आले, आणि ते तसेच खाल्ले गेले, कारण टाकणार कोण? इकडे वीज माझ्या पोटात धो-धो यायला लागली. साठ. अडुसष्ट. पंच्याहत्तर. सगळे माझ्यासमोर खुर्च्या टाकून, कच्चा केक चावत, काट्याकडे बघत बसले. साडेचारला मी त्र्याऐंशीवर पोचलो, तेव्हा नाइजेलने टोपी काढली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा मान मला मिळाला नव्हता.

रात्री उष्णता निसटू नये म्हणून आत्याने घरून पिसांच्या तीन रजया आणल्या आणि मला बाळासारखं गुंडाळलं. ट्रेव्हरसुद्धा उशिरापर्यंत माझ्याभोवती घुटमळत होता. चूक भरून काढायला काहीतरी करावं, असं त्याच्या मनात होतं.

सोमवारी सकाळी ट्रक आला. ड्रायव्हरने माझा नळ सोडून थर्मामीटर धरला: ब्याऐंशी पूर्णांक तीन. वीस मिनिटं मी धार सोडली आणि एक क्षणही डगमगलो नाही. कर्स्टीने माझ्या अंगावर थाप मारली. मग बाहीने नाक पुसलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूला भंगारात घालण्याआधी तिला नवं काम विचारून पाहा. तिचा गाळ वर्षातून एकदा काढा. आणि कुठे काही उरलेलं दिसलं, तर ते कुणाच्या वाट्याचं आहे, एवढं विचारून मग हात घाला.

दुपारपर्यंत सगळी रिस्लिंग बाटल्यांत भरून झाली, आणि कर्स्टीने चिकटवायला लेबलं आणायला सांगितलं. लेबलांची रिळं दमट होऊ नयेत म्हणून ट्रेव्हरने ती रात्रभर माझ्या झाकणावर, रजयांच्या खाली ठेवली होती. गोंद वितळून सहाही रिळांची एकच ढेप झाली होती. तीन हजार दोनशे बाटल्या नागड्याच खोक्यांत गेल्या.